विहिरीचं पाणी जिथून येतं

पाल, ता. रावेर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

३१ मे रोजी माझी इथली मुदत संपते. अजून थांब, असं संस्था म्हणत होती, पण मी नको म्हटलं. जाळरेषा म्हणजे वणवा अडवणारे मोकळे पट्टे काढणं, चरांतला गाळ उपसणं, विहिरींची पातळी मोजणं हे आता पाड्यांवरची पोरं स्वतःहून करतात. पातळीची वही बारावी झालेल्या एका पावरा मुलीकडे दिली. ती माझ्यापेक्षा काटेकोर आहे.

बाबा, दिवाळीत तुम्ही विचारलंत, "दुसऱ्याच्या डोंगरात चर खोदून आपल्या केळीला काय?" तेव्हा घरात पाहुणे होते, बोलणं राहूनच गेलं. सातपुडा उतरतो आणि आपली काळी जमीन लागते, त्या दोहोंमध्ये दगडगोटे आणि वाळूचा पट्टा आहे. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरचं पाणी तिथे मुरतं आणि जमिनीच्या पोटातून तापीकडे सरकतं. आपल्या ठिबकला येतं ते पाणी या वाटेचं. वरचा उतार बोडका झाला की पाऊस मातीसकट धावत सुटतो आणि तोच बारीक गाळ त्या पट्ट्याच्या फटी बुजवतो. म्हणून चर. ए-फ्रेमने, म्हणजे इंग्रजी ए अक्षरासारख्या चौकटीने, समपातळी रेघ आखायची, तिच्यावर सलग खोदत जायचं, माती खालच्या अंगाला लावायची आणि तिच्यावर गवत धरू द्यायचं. मला विचाराल तर चरापेक्षा गवत मोठं. ते राखलं नाही, तर दोन पावसाळ्यांत चर भरून जातात.

वणव्याचं काम सगळ्यात अवघड गेलं. मोहाची फुलं दिसावीत म्हणून खालचा पाला पेटवतात आणि वाऱ्यावर आग रानात शिरते. पण मोहावर ज्यांचं घर चालतं त्यांना नुसतं 'पेटवू नका' म्हणणं मला पटत नव्हतं. बायकांसोबत पहाटे फुलं वेचायला गेले, मग पाला झाडून बाजूला करायचं त्यांनीच ठरवलं. सगळ्या पाड्यांवर अजून ते झालेलं नाही.

आई, रानपिंगळा दिसला! १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती, नामशेष झाला असंच धरलं होतं. मग १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ सापडला. हे घुबड दिवसाही शिकार करतं, म्हणून भर सकाळी सालईच्या वाळक्या फांदीवर नीट बघता आलं. जुनी, पोकळ झाडं का तोडू नयेत, हे त्यानंतर मला कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. ढोल्या राहिल्या तरच त्याचं घरटं.

आता मागणं. बाबा, नवीन बोअरचा विषय यंदा थांबवा. खोल गेलो तर शेजारचा आणखी खोल जाईल. बांधाबाहेरच्या नाल्याचं पाणी गाळणखड्ड्यातून जुन्या विहिरीत सोडू: खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू. बागेतलं खत-औषधांचं पाणी मात्र त्यात येऊ द्यायचं नाही. पाऊस लागायच्या आत खड्डा व्हायला हवा. माझ्या मानधनातले पैसे त्यासाठीच ठेवलेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात येते. तोवर जेसीबीवाल्याला विचारून ठेवा, आणि आई, कळण्याच्या भाकरीचं पीठ दळून ठेव.

तुमची,
ताई