कालव्याच्या काठाने सायकल

संपादक महोदय,

मुलाकडे अमेरिकेत मेरिलँडला आलो की सकाळी सायकल काढून पोटोमॅक नदीकाठच्या चेसापीक-ओहायो कालव्यावर जातो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरं काय सुचणार!

कालवा १९२४ मध्ये बंद पडला, पण खेचरं ज्या वाटेने बोटी ओढत, ती शाबूत आहे. जॉर्जटाउन ते कंबरलँड, सुमारे २९७ किलोमीटर, बहुतेक झाडीतूनच. माती, खडी, मध्येच वर आलेली मुळं. पाऊस झाला की चिखल थेट पाठीवर उडतो, मडगार्ड हवंच. मोटारींना बंदी. सायकलला घंटी सक्तीची, वेग ताशी १५ मैलांच्या आत आणि पायी चालणाऱ्याला आधी वाट.

इथे मोटाररस्ता करायचं घाटत होतं. एका वृत्तपत्राने अग्रलेखात त्याची तरफदारी केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहून ‘माझ्याबरोबर चालत या’ असं आव्हान दिलं. १९५४ मध्ये ते सगळे खरोखर चालले. १९७१ मध्ये कालव्याला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला.

आपल्या कालव्यांच्या भरावावर देखभालीचा रस्ता असतोच. झाडी असलेला एखादा पट्टा निवडून दोन्ही टोकांना आडवा बार टाकावा, किल्ली चौकीदाराकडे. खात्याची जीप तेवढी जाईल, बाकी सायकली. डांबर मात्र कृपा करून ओतू नका.

– एक निवृत्त अभियंता, नाशिक