सिरियल पोर्ट उघडताना गप्प असावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याच्या अखेरीस पेटीचा आंबा संपून कॅनिंगचा आंबा किलोवर जाऊ लागला की देवगड परिसरातील संकलन केंद्रांवर वजनकाट्यावरून वाद होतात. अशा वादात दोष एकतर काट्याला दिला जातो किंवा काट्यावर बसलेल्या माणसाला. वजनकाटे आणि त्यांना जोडलेले संगणक दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे. यंदाच्या हंगामात मी हाताळलेल्या एका तक्रारीत काटाही निर्दोष होता आणि माणूसही. दोष होता तो संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम सिरियल पोर्ट, म्हणजे काट्याची केबल जोडण्याचे व एकेक बिट पाठवणारे द्वार, कोणत्या स्थितीत सुरू करते, यात. विषय तांत्रिक आहे, परंतु बागायतदाराच्या हाती पडणाऱ्या पावतीवरच्या आकड्याशी त्याचा थेट संबंध असल्याने तो सविस्तर मांडण्याची परवानगी असावी.

वळवाच्या पावसात रात्री वीज गेली, इन्व्हर्टरही उतरला आणि सकाळी त्या केंद्रावरचा संगणक नव्याने सुरू झाला. तेव्हापासून काट्यावर क्रेट ठेवला की आकडा वीस किलोपर्यंत चढे आणि स्थिर होतो न होतो तोच काटा आपोआप शून्यावर येई. मी लोडसेल (वजनाचा दाब मोजणारा भाग) बदलून पाहिला, अर्थिंग तपासले, दुसरा इंडिकेटर लावून पाहिला. फरक पडला नाही. शेवटी नऊ पिनांच्या कनेक्टरमधील तीन नंबरची, म्हणजे संगणकाकडून काट्याकडे जाणारी तार सोडवली आणि काटा त्याच क्षणी सरळ चालू लागला. याचा अर्थ एकच होता : ज्या संगणकाने केवळ ऐकायचे, तो काट्याशी बोलत होता.

घडत होते ते असे. हा काटा वजन हलत असताना प्रत्येक ओळीच्या आरंभी ‘यूएस’ ही अक्षरे पाठवतो आणि वजन स्थिर झाले की ‘एसटी’. याच काट्याला बाहेरून ‘टी’ हे एकच अक्षर मिळाले, तर तो ती टेअरची, म्हणजे काट्यावरचे वजन शून्य धरण्याची, आज्ञा समजतो. संगणकाच्या पोर्टवर एको चालू होता, म्हणजे आलेले प्रत्येक अक्षर ऑपरेटिंग सिस्टीम जसेच्या तसे परत पाठवत होती. त्यामुळे वजन स्थिर झाल्याची वर्दी देणारे काट्याचे स्वतःचेच अक्षर टेअरची आज्ञा होऊन त्याच्याकडे परत येत होते.

मग आदल्या दिवसापर्यंत काटा ठीक कसा चालला? संगणक बसवताना कोणीतरी एसटीटीवाय ही पोर्टची सेटिंग्ज बदलणारी आज्ञा हाताने देऊन एको बंद केला होता. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये पोर्ट बंद करून पुन्हा उघडला तरी आधीची सेटिंग्ज टिकतात, त्यामुळे संगणक चालू होता तोवर चूक झाकलेली राहिली. तो बंद होऊन सुरू होताच ड्रायव्हरने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोर्ट चालवणाऱ्या भागाने, आपली मूळ सेटिंग्ज लावली : ९६०० बॉड (म्हणजे सेकंदाला तितके बिट हा वेग), आठ डेटा बिट, पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) नाही, अक्षराचा शेवट दाखवणारा एक स्टॉप बिट आणि एको चालू. वजन घेणारा प्रोग्राम फक्त वेग ठरवत होता, बाकी काही नाही.

एको मुळात चालू का असतो, याचे उत्तर इतिहासात आहे. अशा पोर्टचे आरएस-२३२ हे मानक १९६० मधले. पुढे युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या काळात तारेच्या दुसऱ्या टोकाला टेलिटाइप (तारेने जोडलेले टंकयंत्र) किंवा टर्मिनलवर टंकन करणारा माणूस बसलेला असे आणि आपण टंकलेले अक्षर समोर उमटलेले त्याला दिसणे आवश्यक होते. पोर्टच्या नावातील ‘टीटीवाय’ ही अक्षरे त्या टेलिटाइपचीच आठवण आहेत. आज आपल्या किनाऱ्यावर त्या टोकाला माणूस क्वचितच असतो. असतो तो काटा, जीपीएस, बर्फाच्या कारखान्यातला तापमान नियंत्रक किंवा पर्जन्यमापक. यंत्राला त्याचेच शब्द ऐकवण्यात लाभ नाही, धोका मात्र आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, पोर्ट उघडला जाताना ड्रायव्हरने तो गप्प ठेवावा. वेग कोणता असावा हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे सर्वांना चालेल असे उत्तर मिळणार नाही. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरातील नौकेवरचा जीपीएस एनएमईए ०१८३ या नौकांवरील उपकरणांच्या मानकानुसार ४८०० बॉडने बोलतो, नौकांची ओळख व ठिकाण सांगणारी एआयएस यंत्रणा ३८४०० ने, तर कारखान्यांतील नियंत्रकांसाठीच्या मॉडबस आरटीयूच्या मानकात मूळ सेटिंग १९२०० बॉड व सम पॅरिटी असे आहे. ड्रायव्हरने कोणताही वेग गृहीत धरला तरी तो कोणासाठी तरी चुकीचा ठरणारच. पण वेग चुकला तर पडद्यावर कचरा येतो आणि चूक लगेच कळते. एकोची चूक मात्र पडद्यावर दिसत नाही. ती परस्पर दुसऱ्या टोकाच्या यंत्राला कामाला लावते.

गप्प राहण्यात डीटीआर (‘संगणक तयार आहे’) आणि आरटीएस (‘पाठवायचे आहे’) अशा खुणा देणाऱ्या दोन तारांचाही समावेश असला पाहिजे. पोर्ट उघडताच लिनक्स या दोन्ही तारा सक्रिय करते. मोडेमच्या काळात ते रास्त होते. परंतु आर्डुइनोसारख्या छोट्या, स्वतः प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डावर डीटीआरचा हा बदल बोर्डाला रिसेट करतो, म्हणून आंबा पिकवण्याच्या खोलीतील तापमानाची नोंद ठेवणारा साधा घरगुती यंत्रसंच प्रोग्राम उघडताच पहिल्यापासून सुरू होतो. जेथे आरएस-४८५ या अनेक यंत्रे जोडू देणाऱ्या मानकाच्या एकाच लाइनवर अनेक नियंत्रक जोडलेले असून बोलण्या-ऐकण्याची दिशा आरटीएसने बदलते, तेथे ती तार अवेळी सक्रिय झाली तर एक संगणक सगळी लाइन अडवून बसतो आणि बाकीचे नियंत्रक मुके होतात. लिनक्समध्ये बोर्डाच्या वर्णनातच ‘आरएस-४८५ सुरुवातीपासून चालू’ असे नोंदवण्याची सोय पुढे करण्यात आली, त्याअर्थी ही गरज ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना पटलेली आहे.

विंडोजची रीत निराळी आहे. तेथे पोर्ट उघडला की मागच्या वेळी उघडलेल्या प्रोग्रामची सेटिंग्ज पुढच्याला वारशाने मिळतात, अगदी टाइमआउट (वाट पाहण्याची मुदत) सुद्धा. आदल्या प्रोग्रामने सात बिट आणि सम पॅरिटी ठेवली असेल आणि पुढच्याने फक्त वेग बदलला, तर लेबल छापणारा प्रोग्राम सोमवारी चालतो आणि मंगळवारी चालत नाही. ज्याची स्थिती आदल्या पाहुण्यावर अवलंबून आहे, अशा पोर्टवरचा दोष शोधणे किती जिकिरीचे असते, हे दुरुस्तीचे काम करणाऱ्यालाच ठाऊक.

यावर नेहमी मिळणारे उत्तर असे की, प्रोग्रामने स्वतःच सर्व सेटिंग्ज लावावीत. ते योग्यच आहे. प्रोग्रामने सर्व काही लावावे आणि लावल्यावर परत वाचूनही पाहावे, कारण युनिक्ससारख्या प्रणालींच्या पॉझिक्स या मानकानुसार मागितलेल्या बदलांपैकी एखादाच झाला तरी सेटिंग लावणारे फंक्शन यशस्वी झाल्याचे सांगते. परंतु प्रोग्रामला पोर्ट उघडल्याशिवाय सेटिंग लावता येत नाही, आणि उघडणे व लावणे यांत थोडा का होईना अवधी जातो. ९६०० बॉडवर, एका अक्षराला दहा बिट लागत असल्याने, सेकंदाला ९६० अक्षरे येतात. काटा अखंड बोलत असेल तर तेवढ्या अवधीत एखादे ‘टी’ परत जायला काहीच हरकत नाही. तो क्षण प्रोग्रामच्या हातात नाही. तो ड्रायव्हरच्याच हातात आहे.

जुने प्रोग्राम बिघडू नयेत म्हणून मूळ सेटिंग एकाएकी बदलता येत नाही, हा दुसरा आक्षेप मला मान्य आहे. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये त्यावर चांगला मार्ग आहे. तेथे प्रत्येक पोर्टबरोबर ‘इनिट’ नावाचा एक जोडपोर्ट असतो; त्यावर लावलेली सेटिंग्ज मूळ पोर्ट दर वेळी उघडताना त्याला मिळतात, आधीच्या प्रोग्रामने काहीही ठेवलेले असो. यंत्र सुरू होताना ती एकदा लावली की पुढच्या प्रत्येक प्रोग्रामला तीच सुरुवात मिळते. अशी सोय इतर प्रणालींतही असावी, ही माझी मागणी आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडून ड्रायव्हर आणि उपकरणांच्या क्षेत्रात काम करणारी आपली मुले आता पुष्कळ आहेत. त्यांनी हा विषय हाती घ्यावा.

तोपर्यंत केंद्रचालकांनी एक गोष्ट करावी. काट्यावरचा वैध मापन विभागाचा शिक्का काट्याच्या अचूकतेची ग्वाही देतो, केबलच्या पलीकडच्या सेटिंगची नाही. म्हणून संगणक बसवणाऱ्याकडून वेग, बिट, पॅरिटी, स्टॉप बिट, एको आणि फ्लो कंट्रोल (समोरच्याला पाठवणे थांबवायला सांगण्याची रीत) ही सर्व सेटिंग्ज कागदावर लिहून घ्यावीत आणि त्याच्यासमोरच संगणकाचा प्लग काढून, तो पुन्हा सुरू करून, काट्यावर माहीत असलेले वजन ठेवून पाहावे.

वर सांगितलेल्या केंद्रावर त्या सकाळचे सर्व क्रेट जुन्या तराजूवर पुन्हा मोजले गेले. संगणक सुरू होताना आता सर्व सेटिंग्ज आपोआप लागतात. तीन नंबरची तार मात्र मी परत जोडलेली नाही. तेथे काट्याकडून केवळ ऐकायचे आहे आणि त्यासाठी तिची गरज नाही.

आपला,
वजनकाटे व संगणक दुरुस्त करणारा एक वाचक,
देवगड, जि. सिंधुदुर्ग