‘अचानक’ कोणी आडवे येत नाही

महोदय,

कालच्या अंकात महामार्गावर दुचाकींची वेगमर्यादा ताशी 80 वरून 100 किलोमीटर करण्याबाबत ‘दुचाकीस्वारांची मते’ आपण अर्धे पान छापली. मते देणारे सगळे मोठ्या गाड्या घेऊन लांबच्या फेरीला निघणारे तरुण आहेत. त्यातल्या एकाचे म्हणणे असे की वेगाचा काही प्रश्न नाही, खरा धोका ‘अचानक आडव्या येणाऱ्या गावकऱ्यांचा’ आहे. हे वाक्य वाचल्यापासून डोके शांत नाही, म्हणून हे पत्र.

दुचाकीस्वार मीही आहे. नागपूर-हैदराबाद महामार्गावर, म्हणजे पूर्वीच्या 7 आणि आताच्या 44 क्रमांकाच्या रस्त्यावर, वडनेर-वडकीच्या पट्ट्यात एका फाट्यावर माझे गाड्या दुरुस्तीचे दुकान आहे. दुकानासमोरच दुभाजकाचा कट आहे. एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला अर्ध्या गावाची शेती, असा हा फाटा. दिवसभरात शे-दीडशे दुचाक्या या कटमधून आरपार जातात. त्यावर फवारणीचा पंप असतो, चवाळ्यात बांधलेला कापूस असतो, खताची बॅग असते, मागे बाई आणि टाकीवर पोरगं असतं. यांच्यापैकी कोणालाच वेगमर्यादेबद्दल आजवर कोणी विचारले नाही, आणि कालच्या पानावरही कोणी नव्हते.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात माझे थोरले बंधू याच कटमध्ये पडले. हरभऱ्याला पाणी चालू होते. आमच्या शेतीच्या विजेच्या फिडरला त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती, लाइन दहाला यायची. मी दुकानाचे शटर ओढत होतो. दादा कटमध्ये थांबले होते, पाय जमिनीला टेकलेला, इंडिकेटर चालू. दोन ट्रक गेले, एक ट्रॅव्हल्स गेली, तोवर ते थांबलेच होते. मग नागपूरकडून एकच दिवा येताना दिसला, दूर. दादांनी गाडी काढली. रस्त्याच्या मधोमध असतानाच तो दिवा येऊन धडकला.

तो मुलगा वाचला, कारण त्याचे हेल्मेट आणि जाकीट चांगले होते. त्याचे मनगट मोडले होते. माझ्याच बाकड्यावर बसून तो थरथरत सांगत होता, “काका, ते अचानक आले हो.” त्याला मी दोष देत नाही, त्याच्या डोळ्यांना तसेच दिसले असणार. दादांच्या डाव्या पायात रॉड आहे. त्यांची गाडी मीच उचलून आत घेतली. पुढचा चिमटा मागे वाकून चाक इंजिनाला टेकले होते, आणि हँडलला बांधलेली जेवणाची पिशवी मात्र जशीच्या तशी होती. शुद्धीवर आल्यावर दादांचे पहिले वाक्य होते, “लय दूर होता बे तो लाइट. मले वाटलं, आरामात निघून जाईन.”

दोघेही खरेच बोलत होते. कार असली की दोन दिवे दिसतात आणि ते जवळ येताना एकमेकांपासून फाकत जातात, त्यावरून वेग कळतो. मोटरसायकलचा दिवा एकच. रात्री तो साठने येतो आहे की एकशेवीसने, हे कटमध्ये उभ्या माणसाला शेवटच्या क्षणापर्यंत समजत नाही. त्याला आधार एवढाच, की या रस्त्यावर दुचाकी साधारण कोणत्या वेगाने येते याचा त्याच्या मनात एक अंदाज असतो.

दादा घरी आल्यावर मी तोच कट मोजला. दुपारी रस्ता मोकळा बघून शंभर सीसीच्या गाडीवर मागे एक माणूस आणि पुढे खताची बॅग घेतली. कटमधून निघून पलीकडची साइडपट्टी पूर्ण पार करेपर्यंत मोबाइलवर पाच सेकंद आले. तीन वेळा मोजले, फार फरक नाही. आता हिशेब बघा. 80 च्या वेगाने येणारी गाडी पाच सेकंदांत 111 मीटर कापते, 100 ने आली तर 139 मीटर, 120 ने आली तर 167. म्हणजे मर्यादा 80 वरून 100 केली की माझ्या फाट्यावरच्या माणसाला आणखी 28 मीटर दूरचा दिवा ओळखता आला पाहिजे, तोही धुक्यात. वेग सव्वापट झाला की टकरीचा जोर दीडपटीहून जास्त होतो, तो वेगळाच.

कालच्या पानावरचा एक मुद्दा मला पटतो, तोही लिहितो. 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी रस्त्यावर कारला 100 आणि दुचाकीला 80 ही मर्यादा आहे. त्यामुळे कार मागून अंगावर येते आणि दुचाकीवाला बिचकतो, हे खरे आहे. मीही बिचकतो. पण मोठ्या दुचाक्यांचा आणि कारचा वेगातला फरक मिटवताना त्यांचा आणि आमचा फरक वाढतो. आमची गाडी लोड घेऊन चाळीस-पंचेचाळीसने चालते. तिच्या बाजूने शंभराने कोणी गेले तर नुसत्या हवेने हँडल हलते. शिवाय एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची आहे ती 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना, 2019 पासून. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ गाड्यांना दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत आणि लायनर घासून पत्रा लागेपर्यंत बदलले जात नाहीत. तीनदा सांगितल्यावर गिऱ्हाईक म्हणते, “कापूस विकला की टाकू.” मर्यादा वाढली की ती या गाड्यांनाही लागू होणार, आणि गावातली पोरं त्या आकड्यापर्यंत काटा नेऊन बघणारच.

आमची चूकही आहे. पुष्कळ जण उलट्या बाजूने येतात. कट लांब आहे, सर्व्हिस रोड अर्धवट आहे, पेट्रोल महाग आहे, ही कारणे मला पाठ आहेत, तरी ते चूकच. मी माझ्या गिऱ्हाइकांशी यावरून भांडतो. पण कटमध्ये पाय टेकून पाच-पाच मिनिटे थांबणाऱ्या माणसाला ‘अचानक आडवा आला’ म्हणू नका. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली आणि त्यात शंभरातले 44 दुचाकीवरचे होते, असे केंद्राच्याच अहवालात आहे. त्यांच्यातले किती जण शेतातून घरी किंवा घरून शेतात निघाले होते, हे कोणी वेगळे मोजत नाही.

ज्यांना वेग हवा त्यांच्यासाठी समृद्धी महामार्ग आहे म्हणावे, तर तिथे दुचाकीला बंदी. म्हणून ती सगळी हौस आमच्या रस्त्यावर येते. हौसेला माझा विरोध नाही. मोठ्या गाडीचा आवाज आला की मीही हातातला पाना ठेवून बघतो. पण 80 चे 100 करण्याआधी या कटवर दिवा लावा, फाट्याआधी मर्यादा कमी असल्याचा फलक लावा, आणि सर्व्हिस रोड पुरा करा. दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवून कटवर माझाच बल्ब लावतो, त्याला दोन वर्षे झाली.

आणि विषय निघालाच आहे तर लाइनचेही लिहितो. शेतीला दिवसा वीज देण्याचे आम्ही किती वर्षांपासून ऐकतो आहोत. त्या रात्री दहाला दादांचे महामार्गावर काय काम होते, असे रुग्णालयात एका साहेबांनी विचारले. मोटर चालू करायला निघाले होते, एवढेच काम. यंदाही हरभरा पेरला आहे, पाळी पुन्हा रात्रीची आहे. दादा आता कटपर्यंत येतात, गाडी बंद करतात, खाली उतरतात आणि लंगडत, ढकलत रस्ता ओलांडतात. त्याला पाच सेकंद नाही, पंधरा लागतात. मी पलीकडे बॅटरी घेऊन उभा राहतो.

आपला,
एक वाचक व दुचाकी मेकॅनिक
ता. राळेगाव, जि. यवतमाळ