गोळ्या चालू, तरी एचआयव्ही जात का नाही?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

एचआयव्हीची बातमी म्हटली की एकतर 'रामबाण सापडला' नाहीतर 'असाध्य रोग', मधलं कुणी सांगतच नाही. रोजच्या एआरटी (एचआयव्हीला रोखणाऱ्या औषधांच्या) गोळ्यांनी रक्तातला व्हायरस टेस्टमध्ये दिसेनासा होतो आणि तसाच राहिला तर शारीरिक संबंधातून लागणही होत नाही (हे ठळक छापा हो कधीतरी!). मग गोळ्या थांबवल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत तो परत कुठून येतो?

तर हा व्हायरस सीडी४ पेशींच्या (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) डीएनएमध्येच घुसून बसतो, आणि त्यातल्या काही मेमरी पेशी (जुने जंतू लक्षात ठेवणाऱ्या) वर्षानुवर्षं गप्प पडून असतात, नवीन व्हायरस बनवतच नाहीत, गोळ्या अडवतात ते व्हायरसचं वाढणं, त्यामुळे इथे त्यांनी अडवावं असं काही नसतंच आणि इम्युनिटीलाही त्या ओळखू येत नाहीत. हे १९९७ मध्येच दाखवलं गेलंय. पुढे हिशोब निघाला की या लपलेल्या पेशींचा साठा निम्मा व्हायलाच साधारण ४४ महिने लागतात, म्हणजे नुसत्या गोळ्यांवर संपवायचा तर ७० च्या वर वर्षं! वर या पेशी स्वतःच्या कॉप्या काढतात ते वेगळंच.

व्हायरसला मुद्दाम जागं करून मग मारायचं असंही करून बघितलं, जागा झाला पण माणसांमध्ये साठा फारसा घटला नाही. आणि बर्लिन पेशंट म्हणून गाजलेले टिमोथी ब्राउन बरे झाले ते ब्लड कॅन्सरसाठी केलेल्या स्टेम सेल ट्रान्सप्लांटमुळे, तो धोका सगळ्यांना कसा घ्यायला लावणार? तेव्हा पुढच्या वेळी 'एचआयव्ही बरा झाला' छापताना कितीजणांत आणि कशाने, एवढं तरी हेडलाइनखाली टाका.

- एक वाचक