वाडी एवढ्यात विकू नका

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर आपली आंब्याची वाडी विकायची म्हणालात, तेव्हापासून तेच डोक्यात आहे. म्हणून सविस्तर लिहितेय.

सध्या मी इटलीत, पुलियातल्या ओस्तुनीजवळच्या एका मास्सेरियात उतरले आहे. हा जुना शेतवाडा. तुर्कांच्या आणि चाच्यांच्या धाडींच्या भीतीने सोळाव्या शतकात इकडे असे तटबंदीचे वाडे बांधत. भोवती ऑलिव्हची झाडं, त्यातली काही तर हजार वर्षांपलीकडची. खोडं पिळवटलेली, पोटात एवढी पोकळ की आई, तू आत उभी राहशील! अशा झाडांना २००७पासून कायद्याचं संरक्षण आहे.

वाड्याखाली खडकात कोरलेला जुना घाणा आहे. थंडीत तेल गोठू नये म्हणून तो जमिनीखाली. त्या काळी पुलियाचं तेल गल्लीपोली बंदरातून दिव्यांसाठी पार लंडनपर्यंत जाई. आता वरती यंत्र आहे. फळं तोडली की लगेच गाळायची आणि उष्णता २७ अंशांवर जाऊ द्यायची नाही, हे इथले लोक फार काटेकोरपणे पाळतात. ताजं तेल हिरवंगार. चमचाभर प्यायले तर घशात असं झोंबलं की ठसका लागला. ते झोंबणंच चांगल्या तेलाची खूण म्हणे.

पण नुसत्या तेलावर भागत नाही. २०१३मध्ये गल्लीपोलीकडे झायलेला नावाचा जिवाणू सापडला. तो एका किड्यामार्फत पसरतो. त्याने दक्षिणेकडची लाखो झाडं वाळवली. लोक आता लेच्चिनोसारख्या तग धरणाऱ्या जाती लावताहेत, पण नवी झाडं भरात यायला वर्षं जातात. मधल्या काळात घर चालतं ते पाहुण्यांवर. जुन्या गोठ्यांच्या खोल्या केल्यात. शेतकऱ्याने पाहुणे ठेवायचा कायदा इथे १९८५पासून आहे आणि त्यातली अट मला फार पटली: शेती मुख्य, पाहुणे जोडीला.

आपल्याकडेही तसंच करावं असं मला मनापासून वाटतं. फवारणीचा खर्च आंब्याने एकट्याने का सोसायचा? हॉटेल नको, आहे तेच घर. रांधायला बाई ठेवू. आईने चुलीपाशी राबायचं नाही, हे आधीच सांगते.

दलालाला मी येईपर्यंत थांबवा. विसार घेऊ नका. आणि मागच्या पडवीलगतच्या दोन खोल्यांची मापं घेऊन ठेवा, कौलं कुठे गळतात तेही बघा.

तुमची,
मनू