श्ट्राइट यांचा विसर

महोदय,

स्विस आइस हॉकीपटूंवरील आपल्या रविवारच्या लेखात रोमन योसी व निको हिशियर यांचे यथोचित कौतुक आहे. मार्क श्ट्राइट यांचा मात्र साधा उल्लेखही नाही, हे खटकले. हिशियर २०१७मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकेतील आइस हॉकी लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिले ठरले. श्ट्राइट यांना २००४मध्ये माँट्रियल संघाने थेट २६२व्या क्रमांकावर घेतले, तेही वयाच्या २६व्या वर्षी, झुरिककडून खेळत असताना! त्या काळी गोलरक्षक वगळता इतर स्विस खेळाडूंवर तिथे फारसा विश्वास नव्हता. पुढे २०११मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्स संघाचे कर्णधार होऊन ते या लीगमधील पहिले स्विस कर्णधार ठरले. योसींना नॅशव्हिल संघाचे कर्णधारपद मिळाले, ते त्यानंतर सहा वर्षांनी.

– एक वाचक, पुणे