तक्रार: स्प्रिंग बदलायला चाकू दिला होता, तुम्ही आख्खी कात्रीच बदललीत

प्रति,
कस्टमर केअर आणि वर्कशॉप मॅनेजर

नमस्कार,

बाबांचा जुना स्विस चाकू (पाती, कात्री सगळं घडीत बसणारा) तुमच्याकडे रिपेअरला दिला होता, काम एवढंच होतं की कात्रीची स्प्रिंग तुटलीय ती बदलून द्या. फॉर्मवर तसंच लिहिलं होतं, फोटोत तुटलेल्या जागेला लाल गोल करून पाठवला होता, आणि फोनवरचे दादाही म्हणाले "हो ताई, फक्त स्प्रिंगचं काम आहे, होऊन जाईल". आणि परत काय आलं तर पूर्ण खोललेला आणि पुन्हा ठोकून बसवलेला चाकू, आत नवी कोरी कात्री, आणि बाबांची जुनी कात्री पाकिटात नाहीच. ऑर्डर नंबर ईमेलच्या सब्जेक्टमध्ये टाकलाय. तुमच्या चॅटवर तेच तेच उत्तर येतंय म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते, कृपया कोणीतरी माणसाने वाचा.

चाकू व्हिक्टोरिनॉक्सचा आहे, मिटल्यावर ९१ मिलिमीटर लांब असणारा, लाल. १९८० च्या दशकात बाबांचे एक मित्र बोटीवर कामाला होते, त्यांनी तो आणून दिला. ज्या कंपनीने बनवला तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट १८८४ पासून स्वित्झर्लंडमधल्या ईबाखला धंदा करणाऱ्या त्या लोकांनी अशी वस्तू बनवली की आमच्या गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या कुळागरात (म्हणजे बागायतीत), पावसात, चिखलात इतकी वर्षं रोज वापरूनही ती टिकली. तक्रार तुमच्या कामाबद्दल आहे.

आता ही कात्री आमच्या घरात काय करायची ते सांगते, कारण तुमच्या मेलमध्ये "रेअरली यूज्ड टूल" असं काहीतरी लिहिलंय ते वाचून खूप वाईट वाटलं. बाबा मानकुराद आंब्याची कलमं बांधतात, तेव्हा मोठ्या पात्याने काप घ्यायचा आणि प्लॅस्टिकची पट्टी कात्रीने कापायची. चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधताना केवणीच्या (रानातल्या झुडपाच्या सालीच्या) दोराची टोकं ह्याच कात्रीने कापली जायची, कारण शिडीवर उभं राहून एका हाताने माटोळी धरलेली असते, दुसऱ्या हाताने खिशातून काढून उघडता येणारी हीच एक कात्री. कट केला की आपोआप उघडली पाहिजे, नाहीतर एका हाताचं काम होतच नाही. आणि ते आपोआप उघडणं म्हणजेच ती स्प्रिंग.

स्प्रिंग काय असते हे तुम्हाला माहीत असणारच, तुमचा धंदाच तो आहे, पण तुमच्या वर्कशॉपने जे केलं ते बघून लिहावंसं वाटतं. केसांच्या पिनेएवढी बारीक स्टीलची पट्टी, तिचं एक टोक कात्रीच्या एका दांडीत बारीकशा पिनेने अडकवलेलं आणि दुसरं टोक दुसऱ्या दांडीला आतून टेकलेलं. दाबलं की वाकते, सोडलं की सरळ होते. हजारो वेळा वाकून वाकून नेमकी वळणापाशी थकते आणि एक दिवस तुटते. त्यात आमच्याकडची हवा दमट, आंब्याचा चीक पिनेच्या फटीत जाऊन बसतो, त्यात ओल धरून राहते, तिथे गंजाचे ठिपके पडतात आणि तुटायची सुरुवात तिथूनच होते. म्हणून बाबा सीझन संपला की कोमट पाण्यात चाकू धुऊन, सुकवून, सांध्यात तेलाचा थेंब सोडायचे. तुम्ही रिपोर्टमध्ये "मिसयूज" लिहिलंय ते काढून टाका. झिजणारा पार्ट झिजला, त्याचे पैसे द्यायला मी पहिल्यापासून तयार होते, फुकटात करून द्या असं एकदाही म्हटलेलं नाही.

पहिल्या खेपेला तुम्ही काय केलंत तर तुटलेली पट्टीच ब्रेझिंग करून, म्हणजे पितळेसारखा धातू जोडावर वितळवून, जोडलीत. जोडाजवळ पिवळसर डाग होता आणि पट्टी काळपट झाली होती. घरी आल्यावर बाबांनी सुतळीचा तुकडा कापला, कात्री उघडली, परत कापला, थोडी कमी उघडली, आणि मग मिटली ती मिटलीच, पट्टी वाकून तशीच पडली. पडणारच ना! ब्रेझिंग म्हणजे साडेचारशे अंशाच्या वरचं काम, आणि स्प्रिंगच्या स्टीलला दिलेलं पाणी (म्हणजे तापवून-थंड करून आणलेला कडकपणा) त्याच्या खूप आधीच उतरायला लागतं. आमच्या गावात कोयते आणि आडोळ्या (विळ्या) बनवणारे लोहारसुद्धा पाणी दिलेल्या धारेला परत भट्टी दाखवत नाहीत. इतकी बारीक पट्टी तर एका क्षणात लाल होते. हे तुमच्या टेक्निशियनला माहीत नसेल असं मला वाटत नाही, मग केलं का? नवीन स्प्रिंग नव्हती तर तसं सांगायचं होतं, मी थांबले असते.

मी परत पाठवला तेव्हा पुन्हा स्पष्ट लिहिलं होतं की नवीन स्प्रिंग बसवा, बाकी कशालाही हात लावू नका. ह्या चाकूंच्या स्प्रिंगा सुट्या मिळतात, ५८ मिलिमीटरच्या लहान चाकूची वेगळी आणि ह्या मोठ्या चाकूची वेगळी. जुनी पिन बारीक टोच्याने हळूच बाहेर ढकलायची, पट्टीचा राहिलेला तुकडा काढायचा, नवीन पट्टी बसवायची आणि पिन परत. आणि समजा जुन्या दांडीत नवीन पट्टी नीट नाही बसली तर फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ स्टीलच्या पट्ट्यांचं) जुनं पान किंवा घड्याळाच्या स्प्रिंगचा तुकडा घेऊन, गरम होऊ न देता, पाण्यात बुडवत बुडवत घासून मापाला आणता येतो. वेळखाऊ काम आहे, मान्य आहे, पण तुमच्या साईटवर "व्हिंटेज स्पेशालिस्ट" असं लिहिलेलं वाचूनच मी तुमच्याकडे आले होते, आणि त्याच कामाचे तुम्ही पैसे घेता.

त्याऐवजी तुम्ही आख्खा चाकू खोललात. आणि हा चाकू स्क्रूचा नाही, खोलायचा म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूच्या लाल पट्ट्या उचकटायच्या आणि पितळेच्या पिना कापून काढायच्या, त्याशिवाय मधला एकही थर निघत नाही. म्हणजे एका स्प्रिंगसाठी तुम्ही चाळीसेक वर्षं घट्ट असलेला सगळा सांगाडा मोडलात. परत बसवताना पिना सारख्या ठोकलेल्या नाहीत. मोठं पातं उघडल्यावर आधी टक् असा खणखणीत आवाज यायचा, आता मऊ येतो आणि पातं बोटाने धरून हलवलं तर डावी-उजवीकडे हलतं. त्याने कलमाचा काप सरळ येत नाही, आणि काप सरळ नसला तर कलम धरत नाही, हे कुठल्याही माळ्याला विचारा. छोटं पातं मिटताना बाजूच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला घासतं, तिथे ताजा ओरखडा पडलाय. आणि मागच्या लाल पट्टीला टूथपिकच्या खाचेपासून बारीक चीर गेलीय, उजेडात धरलं की स्वच्छ दिसते. पाठवायच्या आधीचे फोटो तुमच्याच पिकअपवाल्याने काढले होते, त्यात चीर नाही, तपासून बघा.

नवीन कात्री चालते, ते खोटं नाही सांगणार. पण बाबांनी हातात घेतली, दोनदा उघडमीट केली आणि "ही म्हजी न्हय" (ही माझी नाही) म्हणून टेबलावर ठेवली. जुन्या कात्रीच्या दांडीवर त्यांच्या अंगठ्याने झिजून गुळगुळीत झालेली जागा होती. बाजारात ह्याची किंमत काय हे मी बोलतच नाहीये, जरी जुने चाकू जमवणारे लोक मूळ पार्ट आहेत की नाहीत हेच आधी बघतात आणि पात्याच्या बुडाचा शिक्का एका काळातला आणि कात्री दुसऱ्या काळातली असली की लगेच ओळखतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आमच्यासाठी तो विकायचा मालच नाही.

तुमचे एक्झिक्युटिव्ह मला म्हणाले की मॅडम आम्ही तुम्हाला अपग्रेड दिलंय, तुम्ही खूश व्हायला पाहिजे. मी अपग्रेड मागितलं नव्हतं. बदलायच्या आधी एक फोन, एक मेसेज, काहीही केलं नाहीत, आणि वर बिलात "टूल रिप्लेसमेंट" म्हणून जादा रक्कम लावून तीही वसूल केलीत, कारण पैसे भरल्याशिवाय कुरियर सुटत नव्हता. गाडीच्या गॅरेजमध्येसुद्धा मेकॅनिक काढलेला पार्ट कागदात गुंडाळून हातात देतो आणि विचारतो ठेवायचा की टाकायचा. वस्तू माझी, पार्ट माझा, तो टाकायचा निर्णय तुम्ही परस्पर कसा घेतलात?

आता मला काय हवंय ते लिहिते. सगळ्यात आधी जुनी कात्री, तुटक्या स्प्रिंगसकट, जशी असेल तशी. स्क्रॅपच्या डब्यात असेल तर डबा उलटा करून शोधा, ती मिळणं माझ्यासाठी पैशापेक्षा मोठं आहे. मिळाली की तीच कात्री योग्य स्प्रिंग घालून परत बसवायची, पिना नीट ठोकायच्या, पातं हलता कामा नये, आणि हे काम तुमच्याकडे ज्याला खरंच येतं त्याने करायचं, त्याच्याशी मला आधी फोनवर बोलायचंय. तोपर्यंत चाकू मी परत पाठवणार नाही. जादा घेतलेली रक्कम आणि ब्रेझिंगचे पैसे परत करा. चीर गेलेली लाल पट्टी मात्र बदलू नका, ती जुनीच राहू दे, तिच्यावर बाबांनी सुईने नाव कोरलंय. आणि जुनी कात्री खरंच फेकली गेली असेल तर तसं स्पष्ट लेखी कळवा, कोणी फेकली आणि कोणाच्या सांगण्यावरून.

पंधरा दिवसांत नीट उत्तर आलं नाही तर मी आधी १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवणार आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करता येते, म्हणजे तुमचं ऑफिस कुठेही असलं तरी मला गोव्यातूनच करता येईल. फॉर्म, फोटो, चॅटचे स्क्रीनशॉट, दोन्ही बिलं सगळं जपून ठेवलंय आणि ह्या मेलला जोडलंय. ब्रेझिंग केलेल्या जोडाचा जवळून काढलेला फोटोही त्यात आहे, तो तुमच्या वर्कशॉप मॅनेजरला नक्की दाखवा.

फोन करायचा असेल तर संध्याकाळी सहानंतर करा, दिवसा कुळागरात रेंज नसते. जुनी कात्री सापडली तर मात्र वेळ बघू नका, लगेच मेसेज टाका.

तुमची ग्राहक,
सावईवेरे, फोंडा, गोवा